सत्काराच्या आधीची सहा वर्षे

आपल्या वस्तीत एखादी मुलगी डॉक्टर झाली, म्हणजे दवाखान्यातली नव्हे, पीएच.डी. झालेली डॉक्टर, की आपण सारे हरखून जातो. विहाराच्या भिंतीवर फलक लागतो. त्रिसरण-पंचशील होते, शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो, तिच्या आई-वडिलांना व्यासपीठावर बसवले जाते. वक्ते परमपूज्य बाबासाहेबांचे स्मरण करतात आणि समोर बसलेल्या मुलींना सांगतात की तुम्हीही अशाच शिका. हे व्हायलाच पाहिजे. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली त्या आईला एक दिवस खुर्चीचा मान मिळतो, यात वावगे काय आहे?

परंतु अशा कार्यक्रमात आमच्या मनात दरवेळी एक हिशेब सुरू होतो. एम.ए. झाल्यापासून या शालीपर्यंत त्या मुलीची पाच-सहा, कधी कधी आठ वर्षे गेलेली असतात. त्या वर्षांत रेल्वेचा पास ती कशातून काढत होती? तिच्या लग्नाचा विषय निघाला की तिच्या बाजूने कोण बोलत होते? मूल झाल्यावर त्याला कोण सांभाळत होते? दहावीत चांगले गुण मिळवणारीला आपण वह्या देतो, पीएच.डी. झालेलीला शाल देतो. मधल्या वर्षांत तिची विचारपूस करायला कोणी जात नाही. आणि आमचा अनुभव असा की मुली गळतात त्या नेमक्या याच वर्षांत.

आम्ही काही विद्वान नाही. बी.कॉम. झालो तेही दिवसा नोकरी करून. वीस-बावीस वर्षे कारकुनी करतो आहोत. विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत विहाराला लागून असलेल्या खोलीत आम्ही चार-पाच नोकरदार मंडळी शनिवार-रविवार अभ्यासिका चालवतो. आमच्यात एक बेस्टचे वाहक आहेत, एक परिचारिका आहेत, एक शाळामास्तर आहेत. या खोलीतून गेल्या दहा वर्षांत तीन मुली संशोधनाला लागल्या. त्यांच्या कागदांमागे फिरता फिरता जे पाहिले आणि जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न आमच्याच वस्तीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारला होता. ते म्हणाले, "मास्तरीण झाली असती तर घराला हातभार लागला असता. हे संशोधन म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा आपल्याला उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. कष्टाने घर चालवणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे.

याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांवर काय गुजरले हे आपल्यातल्याच एका मुलीने पाहून, तपासून, प्रश्न विचारून लिहिले. संशोधन याहून वेगळे काय असते? पुढे १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्या बायाबापड्या चालल्या, सभांना गेल्या, शाळा काढल्या, त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून ते लिहिले गेले. उर्मिलाताई तर सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून हे काम करीत होत्या. त्या दोघी त्या वेळी म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्तींच्या दारी गेल्या नसत्या, तर त्या आठवणी त्या आयांबरोबरच संपल्या असत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या, हे आज आपण सहज सांगतो. ही माहिती कोणीतरी खपून जपली म्हणूनच आपल्यापर्यंत आली. संशोधनाचा उपयोग तो हाच.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. संशोधन पैशावाचून अडते, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. खुद्द बाबासाहेबांचे संशोधन अडले होते. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेथून लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. मागे परळच्या चाळीत रमाईने घर कसे चालवले ते आपण जाणतोच. महामानवाच्या बुद्धीलासुद्धा स्वतःची बचत, मित्राचे कर्ज, राजाचा आधार आणि घरच्या माणसाची सोसण्याची तयारी, इतके सगळे लागले. मग आमच्या वसाहतीतील मुलीने ते एकटीने निभवावे, अशी अपेक्षा आपण कशी करायची?

आज सरकारी फेलोशिप आहेत, हे खरे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, आपल्या राज्यात बार्टीची फेलोशिप आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या फेलोशिपचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये आहे, घरभाडे वेगळे. आकडा ऐकून वस्तीत लोकांचे डोळे विस्फारतात. परंतु कारकुनाला विचाराल तर तो सांगेल, मंजूर झालेला पैसा आणि हातात पडलेला पैसा यांत फार अंतर असते. विद्यापीठाच्या कार्यालयातून हजेरीला दुजोरा गेल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. दोन वर्षांनी दर वाढायचा तर समितीची बैठक व्हावी लागते, तिच्या अहवालावर सगळ्यांच्या सह्या व्हाव्या लागतात. एक सही राहिली तरी सारे थांबते. राज्याच्या फेलोशिपसाठी तर २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर आंदोलनाला बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे, ती मुले-मुली उन्हात मैदानावर बसली होती.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाला सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकंदर दहा वर्षांपर्यंत. मुदत वाढली ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाढलेल्या मुदतीत पैसा वाढत नाही. म्हणजे लिहिण्याचे, टंकलेखनाचे, बांधणीचे, शेवटच्या मौखिक परीक्षेचे जे सर्वांत अवघड दिवस, नेमके तेच बिनपैशाचे.

आमच्या तिघींपैकी एकीची हकीकत सांगतो. तिच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र सांगत नाही. तिची आई एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. वडील लवकर गेले. २०१८ साली तिने नोंदणी केली. विषय घेतला होता आपल्या बाया जात्यावर आणि सभांतून बाबासाहेबांची जी गाणी म्हणत, त्यांचा. विभागातील एका प्राध्यापकांनी तिला ऐकवले, "यात संशोधन करण्यासारखे काय आहे? सोपा विषय हवा म्हणून घेतला असणार." ती संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन गप्प बसून राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या हजारोंनी गोळा केल्या आणि त्यांत बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत, ही गोष्ट आमच्या शाळामास्तरांना ठाऊक होती. त्यांनी ती सांगितली तेव्हा तिला धीर आला. पुढच्या चर्चासत्रात तिने तेच काम पुढे ठेवून आपला विषय मांडला, आणि तो मान्य झाला.

तिच्या आईला हा विषय कळला तेव्हाची गोष्ट तर आम्ही विसरणार नाही. आई म्हणाली, "अगं, त्यात काय लिहायचं? आम्ही दळताना म्हणायचो. तुझी आजी तर अंगठा उठवणारी." मुलीने टेपरेकॉर्डर म्हणून मोबाईल पुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, तू नुसतं म्हण." त्या रात्री आईने आठवून आठवून कितीतरी ओव्या म्हटल्या. मधेच थांबायची, एखादा शब्द हरवला की सोलापूरला मावशीला फोन करायची. ज्या बाईला कधी कोणी काही विचारले नव्हते, तिच्या आवाजाची नोंद प्रबंधाच्या परिशिष्टात तारखेसह झाली. आई त्या दिवसापासून मुलीच्या अभ्यासाला 'आपलं काम' म्हणू लागली. घरातल्या माणसाला विषय समजावून सांगण्याचा इतका फायदा असतो. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्यांना काय कळणार, असे मुलींनी समजू नये. आणि आई-वडिलांनीही "आम्हाला काय कळतंय" म्हणून बाजूला होऊ नये.

२०२१ साली तिचे पैसे थांबले. दोन वर्षांनंतर दर वाढवण्याच्या समितीची बैठक झाली होती, पण बाहेरच्या एका सभासदाची सही राहून गेली. अकरा महिने एक रुपया आला नाही. चौकशीला गेली की "वर पाठवले आहे" एवढेच उत्तर. याच काळात घरी लग्नाची बोलणी सुरू झाली. नातेवाईक म्हणू लागले, पैसेही नाहीत, नोकरीही नाही, वय मात्र वाढते आहे, आता पुरे. ती आमच्याकडे आली तेव्हा एका खासगी शिकवणी वर्गात दिवसभराची नोकरी धरण्याच्या विचारात होती. ती नोकरी धरली असती तर प्रबंध तिथेच संपला असता.

इथे आमची कारकुनी कामाला आली. आम्ही तिला सांगितले की तोंडी चौकशी बंद कर. एका पानाचा अर्ज लिही, त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे, प्रत आपल्याजवळ ठेव. पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज. त्यानंतर माहितीच्या अधिकारात विचार, माझी फाईल आज कोणत्या टेबलावर आहे आणि केव्हापासून. फायलीला पाय नसतात, तिला कोणीतरी चालवावे लागते, हे आम्ही रोज पाहतो. तिसऱ्या कागदानंतर सही झाली आणि थकलेली रक्कम एकदम आली.

परंतु ते अकरा महिने कसे काढायचे होते? त्यासाठी आम्ही वसाहतीत फिरलो. साठ कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये द्यायचे कबूल केले. महिन्याला सहा हजार जमत. त्यांतले चार हजार तिला बिनव्याजी, फेलोशिप आल्यावर परत करण्याच्या बोलीवर. उरलेले दोन हजार पुस्तके, छायाप्रती आणि अडीअडचणीला. वहीत रीतसर जमाखर्च मांडला, दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवला. दान म्हटले असते तर तिने घेतले नसते, आणि वस्तीनेही चार दिवसांत सुनावले असते. उसनवार म्हटल्यावर दोन्ही बाजूंची मान ताठ राहिली. पैसे आल्यावर तिने चव्वेचाळीस हजार परत केले आणि ते लगेच दुसऱ्या मुलीच्या उपयोगी पडले. आजही तोच पैसा फिरतो आहे.

लग्नाचेही सांगायला हवे. लग्न म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे आम्ही मानत नाही. पण लग्न ठरवताना प्रबंधाचा विषय बैठकीत उघडपणे काढला पाहिजे. मानपानाची यादी आपण कागदावर मांडतो, मग मुलगी आणखी तीन वर्षे विद्यापीठात जाणार हे का मांडू नये? आमच्या या मुलीच्या वेळी वसाहतीतील दोन ज्येष्ठ उपासिका बैठकीला गेल्या आणि त्यांनी ते स्पष्ट विचारले. मुलाकडच्यांनी कबूल केले आणि शब्द पाळला. मुलगा कुरिअरच्या कामावर असतो. बाळ झाल्यावर रात्रीचे बाळाचे सगळे तोच पाहत असे, म्हणजे ती पहाटेपर्यंत लिहू शके. शेवटचे सहा महिने महिला मंडळाच्या बायांनी पाळ्या लावून दुपारी तीन तास बाळ विहाराशेजारच्या खोलीत सांभाळले. २०२५ साली तिने प्रबंध सादर केला.

मुलींच्या आई-वडिलांना आणि सासरच्या मंडळींना काही नियम ठाऊक असावेत म्हणून लिहितो. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे स्त्री संशोधकाला संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा मिळू शकते. लग्नामुळे गाव बदलले तर केलेले संशोधन नव्या ठिकाणच्या संस्थेत नेण्याची तरतूद आहे. त्यामुळे "लग्न करून नाशिकला गेली, आता सुटलेच" असे म्हणण्याचे कारण नाही. नियम आहेत, पण ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तसेच जातीच्या दाखल्याचे. १९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० सालची कायद्याची दुरुस्ती यावी लागली. केंद्राच्या कामासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि अनुसूचीतील जातीच्या नावाने लागतो. नुसते 'बौद्ध' लिहिलेला कागद परत येतो. फेलोशिपची जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मुलगी पदवीला असतानाच हे कागद तयार ठेवावेत.

कागदांनी सुटत नाही असेही एक दुःख आहे. आमच्या दुसऱ्या मुलीला तिच्या विभागात पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी आडनाव विचारले. एकाने विचारले, "कोट्यातून का?" असा प्रश्न एकदा ऐकला तर माणूस सोडून देतो. रोज ऐकला तर तो चहाला जायचे टाळतो, मग चर्चासत्र टाळतो, मग विभागच टाळतो. हे कोठवर जाते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची फेलोशिप कित्येक महिने थकली होती. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी गेली. ती वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत होती. संस्थांमध्ये समान संधी कक्ष असावा, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी असावा, असे यूजीसीचे नियम २०१२ सालीच झाले होते. ते नीट पाळले जावेत म्हणून २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आपल्या मुलींना आपण हे सांगून ठेवले पाहिजे की अपमान सोसणे हा संशोधनाचा भाग नाही. तारीख, वेळ, कोण काय म्हणाले, हे वहीत लिहून ठेव आणि त्याच दिवशी घरी बोल. घरी बोलायला जागा असली पाहिजे, ही जबाबदारी मात्र आपली.

पदवी मिळाल्यावर तरी वाट मोकळी होते का? कुमुद पावडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरच्या या बाई संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. नोकरीसाठी वणवण केली. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले, तेव्हा कोठे नोकरी मिळाली, हे त्यांनी 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात स्वतःच नोंदवले आहे. त्या २०२३ साली गेल्या. आज आडनावाचे काम बिंदुनामावली करू शकते. तेरा बिंदूंच्या पद्धतीत अनुसूचित जातीचा बिंदू सातवा येतो. विभाग हा घटक धरला आणि विभागात जागाच पाच असल्या, तर सातवा बिंदू कधी यायचा? केंद्रीय विद्यापीठांत हेच होऊ घातले होते. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ साली कायदा करून संपूर्ण संस्था हाच घटक ठरवावा लागला. कागदावरील एका शब्दाने किती मुलींचे आयुष्य बदलते ते पाहा. आपल्या राज्यात तर कितीतरी पीएच.डी. झालेल्या मुली तासिका तत्त्वावर, दोन-तीन कॉलेजांत धावपळ करून शिकवतात, सुट्टीत पगार नाही. आमची पहिली मुलगी आज तेच करते आहे. म्हणून सत्कार झाला म्हणजे आपले काम झाले, असे समजता येत नाही.

हे दुःख आपल्यापुरतेच आहे असेही नाही. इंग्लंडसारख्या देशात २०१९ साली निकोला रोलॉक या संशोधिकेने कृष्णवर्णीय स्त्री प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साऱ्या ब्रिटनमध्ये त्या वेळी प्रोफेसर पदावर पोहोचलेल्या अशा स्त्रिया अवघ्या पंचवीस होत्या. त्यांतल्या वीस जणींशी त्या बोलल्या. त्यांनी सांगितलेले ऐकले तर आपल्याच मुली बोलत आहेत असे वाटावे. बढती लांबणे, कमी लेखले जाणे, वाट दाखवणारे कोणी नसणे. हजारो मैलांवर, निराळ्या रंगाच्या आणि निराळ्या भाषेच्या बायांचे अनुभव इतके जुळतात, याचा अर्थ दोष त्या मुलींच्या बुद्धीत नाही.

आणि आधार मिळाला तर काय होते, तेही आपल्यासमोर आहे. पुण्याच्या येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या डॉ. शैलजा पाईक फोर्ड फाउंडेशनच्या फेलोशिपमुळे परदेशी जाऊ शकल्या. इंग्लंडच्या वॉरविक विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचे त्यांचे पुस्तक २०१४ साली आले, तमाशातील स्त्रियांवरचे २०२२ साली. अमेरिकेच्या सिनसिनाटी विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या आणि २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे आठ लाख डॉलर मिळाले. ज्या विषयाला आमच्या मुलीच्या विभागात 'सोपा विषय' म्हटले गेले, तशाच विषयांवर हे झाले. मात्र हेही लक्षात ठेवू या की अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय २०२२ साली वगळण्यात आले. त्या शिष्यवृत्तीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा आहेत. जागा दिली आणि आपल्याच आयुष्यावरचा विषय काढून घेतला, तर मुलीने कशावर लिहावे?

सरकारशी भांडायचे ते भांडू. संघटना आहेत, त्या भांडतात. पण वस्तीने करण्यासारखे जे आहे त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. प्रत्येक विहारात किंवा समाजमंदिरात एक टेबल, एक दिवा आणि रात्री दहापर्यंत शांतता ठेवता येईल. दहा बाय दहाच्या खोलीत, टीव्ही आणि स्वयंपाक चालू असताना प्रबंध लिहिला जात नाही. शंभर रुपयांचा फिरता निधी उभा करता येईल. वस्तीतील बँकेत, मंत्रालयात, महापालिकेत काम करणाऱ्यांनी महिन्यातून एक रविवार मुलींच्या अर्जांसाठी द्यावा. कागद कसा चालतो हे आपल्याला ठाऊक आहे, ती आपली विद्याच आहे. फेलोशिपचा पैसा घरात आला की त्यातून आधी मुलीचा प्रवास, पुस्तके आणि पुढच्या थकबाकीच्या काळासाठीची शिल्लक बाजूला काढावी, मग घरखर्च. घराची ओढाताण आम्ही जाणतो. पण बियाण्याचे धान्य दळून खाल्ले तर पेरणीला काय राहणार?

आणि शेवटची गोष्ट अगदी साधी आहे, तिला पैसाही लागत नाही. वाटेत ती मुलगी भेटली की आपण विचारतो, "काय गं, झालं का तुझं? अजून किती वर्षं?" हा प्रश्न तिला दिवसातून चारदा ऐकावा लागतो. त्याऐवजी विचारावे, "या महिन्याचे पैसे आले का? बाळाला दुपारी ठेवून जायचं आहे का? कोणत्या टेबलावर अडलं आहे?" इतके विचारणारी चार माणसे वस्तीत असली, तर पुढच्या वर्षी विहारासमोर आणखी एक फलक लावावा लागेल.